‘मी कोण आहे, माहीत आहे का?’

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, चार दिवस असताना गोव्यात म्हापशाला आमचा फ्रीज बंद पडला. माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांचं सामान घरात यायला लागलं होतं, खवलेल्या नारळाचे दोन डबे आत होते आणि पाहुणे शनिवारी पोचणार होते. सर्व्हिस सेंटरला तीन फोन झाले. तिन्ही वेळा एकच उत्तर : ‘मॅडम, कंप्लेंट रजिस्टर झालीय, टेक्निशियन कॉल करेल.’ चौथ्या फोनवर माझा तोल सुटला आणि तोंडातून निघून गेलं, ‘माझ्या पेजवर ४० हजार लोक आहेत. उद्या सकाळपर्यंत कोणी आलं नाही तर लिहिणार आहे.’

दुसऱ्या दिवशी साडेनऊला टेक्निशियन दारात. साखळी गावचा पोरगा, पावसात भिजून आलेला. कॉम्प्रेसरचा रिले गेला होता, वीस मिनिटांत बदलून झाला. चहा पिताना तो सहज म्हणाला, ‘ताई, तुमच्या आधी सात कॉल होते. साहेबांनी सांगितलं, आधी म्हापसा कर.’

तो जिना उतरत असताना शेजारच्या काकी दारात उभ्या होत्या. त्यांचं वॉशिंग मशीन त्याच कंपनीचं. अकरा दिवस बंद. म्हणाल्या, ‘तुजो मेकॅनिक आयलो. म्हजो केन्ना येतलो गे?’

मी खाण्यापिण्यावर लिहिते. इन्फ्लुएन्सर वगैरे शब्द मला स्वतःला लावून घ्यायला लाज वाटते, पण त्या दिवशी फोनवर मी तोच शब्द न उच्चारता वापरला होता. ‘माझा कधी येणार?’ या काकींच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर बरंच वाचलं, दोन-तीन जाणकारांशी बोलले. त्यातून जे समजलं ते इथे सोपं करून मांडते.

आधी कंपनीच्या बाजूला काय होतं ते बघू. तुमचा फोन कॉल सेंटरला जातो, त्याला तक्रार क्रमांक मिळतो आणि तो रांगेत बसतो. तुमची पोस्ट मात्र कॉल सेंटरला जात नाही. ती जाते कंपनीची अब्रू सांभाळणाऱ्या वेगळ्या टेबलावर. तिथल्या सॉफ्टवेअरमध्ये मजकुराशेजारी लिहिणाऱ्याचे फॉलोअर्स किती, हेही दिसू शकतं. हे आजचं नाही. २००८ साली क्लाऊट नावाची एक सेवा सुरू झाली होती. ती प्रत्येक माणसाला त्याच्या ऑनलाइन वजनाप्रमाणे १ ते १०० पैकी गुण द्यायची, आणि कोणाला आधी उत्तर द्यायचं हे ठरवताना काही कंपन्या ते गुण बघायच्या. २०१८ मध्ये क्लाऊट बंद झालं, हिशेब चालूच राहिला. म्हणजे पोस्टमुळे तक्रार ‘सुटते’ असं आपण म्हणतो तेव्हा बऱ्याचदा घडतं इतकंच, की ती दुसऱ्या रांगेत जाते. सर्व्हिस सेंटरला टेक्निशियन तेवढेच असतात. मी पुढे गेले म्हणजे सातजण मागे गेले.

यातला सगळ्यात गाजलेला किस्सा २००९ सालचा, अमेरिकेतल्या युटा राज्यातला. हेदर आर्मस्ट्राँग ही तिथली तेव्हाची फार लोकप्रिय ब्लॉगर. घरात तान्हं मूल, आणि नवंकोरं मेटॅग वॉशिंग मशीन बिघडलेलं. दुरुस्तीवाले येऊन गेले, मशीन काही चालेना. शेवटी तिने कॉल सेंटरच्या बाईला विचारलं, ट्विटर काय असतं माहीत आहे का, माझे तिथे १० लाखांवर फॉलोअर्स आहेत. पलीकडून उत्तर आलं : ट्विटर काय ते माहीत आहे, आणि नाही, त्याने काही फरक पडणार नाही. मग तिने लिहिलं, मेटॅग कधीही घेऊ नका. एका दिवसात मेटॅगची मालक कंपनी व्हर्लपूल हिच्या मुख्य कार्यालयातून फोन आला आणि मशीन दुरुस्त झालं. बॉश कंपनीने तर तिला नवं मशीन फुकट देऊ केलं. तिने ते स्वतः न घेता एका निवारागृहाला द्यायला लावलं.

तेव्हा लोकांनी तिच्यावर दादागिरीचा आरोप केला. मला मात्र त्या कॉल सेंटरच्या बाईचं उत्तर फार आवडतं. कंपनीचं नुकसान झालं असेल, पण नियम म्हणून तीच बरोबर होती. फॉलोअर्सने फरक पडता कामा नये. फरक पडला तो वरच्यांनी पाडला.

मग तक्रार लिहूच नये का? तसं नाही. ग्राहक म्हणून वाईट अनुभव जाहीर सांगण्याचा हक्क ४० हजारवालीला आहे तसाच ४० वाल्यालाही आहे. माझ्या मते गोची लिहिण्यात नाही, क्रमात आणि धमकीत आहे. जे दार सगळ्यांना उघडं आहे ते मी आधी ठोठावलं का, हा पहिला प्रश्न. मी नव्हतं ठोठावलं. तीन फोन म्हणजे दार ठोठावणं नव्हे.

ते दार कुठे आहे हे बहुतेकांना माहीतच नसतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. कंपनीकडे लेखी तक्रार करून क्रमांक घ्यायचा, ही पहिली पायरी. ईमेल चालतो, पण ‘फोनवर सांगितलं होतं’ हे चालत नाही. दुसरी पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. तिथे १७ भाषांत बोलता येतं, मराठी त्यात आहे. हेल्पलाइन निकाल देत नाही, ती तुमची तक्रार कंपनीकडे पाठवते आणि उत्तर मागवते. त्याने भागलं नाही तर ग्राहक आयोग. उत्तर गोव्याचा पर्वरीला, दक्षिणेचा मडगावला, आणि त्यांच्यावर राज्य आयोग पणजीला. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याने एक मोठी सोय केली : तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या आयोगात तक्रार करता येते. कंपनीचं ऑफिस गुरुग्रामला असेना का, काकींना पर्वरीच्या पलीकडे जायची गरज नाही. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. वकील लागतोच असं नाही. अर्ज ऑनलाइन भरता येतो. फक्त कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायला हवं. विरुद्ध पक्षाला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल लागावा असं कायदा म्हणतो, वस्तूची तपासणी लागणार असेल तर पाच. प्रत्यक्षात किती लागतात ते तारखा घेतलेल्या माणसाला विचारा, आणि विचारताना जरा लांब उभे राहा.

हा उशीर हाच पोस्टवाल्यांचा खरा युक्तिवाद आहे आणि तो खोटा नाही. चवथ तीन महिने थांबत नाही. पण तक्रारीची नोंद झाली की ती आकड्यात धरली जाते, हे आपण विसरतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये विनोदी कलाकार कुणाल कामरा यांनी ओलाच्या इलेक्ट्रिक स्कूटर दुरुस्तीसाठी धूळ खात उभ्या असल्याचा फोटो टाकला. कंपनीच्या संस्थापकांशी त्यांची जाहीर खडाजंगी झाली, देशभर करमणूक झाली. त्याच सुमारास केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्या कंपनीला कारणे दाखवा नोटीस काढली. त्या नोटिशीमागे होत्या वर्षभरात हेल्पलाइनवर नोंदल्या गेलेल्या १०,६४४ तक्रारी. फोटोने गलका झाला असेल, पण प्राधिकरणाच्या फाइलमध्ये पुरावा म्हणून बसले ते १९१५ ला फोन लावणारे बिननावाचे लोक. इन्फ्लुएन्सर नुसतं ओरडला तर आवाज त्याच्याबरोबर विरतो. तोच जर म्हणाला, ‘ज्यांची ज्यांची स्कूटर पडून आहे त्यांनी इथे नोंद करा’, तर गोष्ट निराळी होते. कायद्यातही तशी जागा आहे. एकाच प्रकारचं नुकसान झालेले अनेक ग्राहक असतील तर आयोगाची परवानगी घेऊन त्यांच्यातला एकजण सगळ्यांच्या वतीने तक्रार करू शकतो.

इथे खाजगी गाऱ्हाणं आणि सगळ्यांचा प्रश्न यांत फरक करायला हवा. एप्रिल २०२३ मध्ये रेवंत हिमतसिंगका यांनी बॉर्नव्हिटातल्या साखरेवर व्हिडिओ केला. कंपनीची कायदेशीर नोटीस आली, त्यांनी व्हिडिओ काढला, माफीही मागितली. पण विषय मिटला नाही. वर्षभराने केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ई-कॉमर्स कंपन्यांना सांगितलं, अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’च्या वर्गात ठेवू नका. त्या व्हिडिओत ‘माझा डबा बदलून द्या’ असं काही नव्हतं. माझ्या फ्रीजच्या रिलेत लोकहित शोधायला गेलं तर हसू येईल.

आता दुसरा प्रश्न. घाव पडतो कोणावर? आपल्याला वाटतं कंपनीवर. पण म्हापशातलं सर्व्हिस सेंटर बहुधा कोणीतरी फ्रँचायझी म्हणून घेतलेलं असतं, आणि दारात येतो तो कॉलमागे पैसे मिळणारा मुलगा. मोबाइलचा कॅमेरा आधी त्याच्या तोंडावर जातो. मार्च २०२१ मध्ये बंगळूरूला काय झालं ते आठवा. मेकअपवर व्हिडिओ करणाऱ्या एका तरुणीने, नाकातून रक्त येत असताना, जेवण घेऊन आलेल्या माणसाने मारल्याचा व्हिडिओ टाकला. त्याला अटक झाली, कंपनीने त्याचं काम थांबवलं. मग त्याची बाजू पुढे आली : तिनेच आपल्याला मारलं, आणि हात झटकताना तिच्याच अंगठीने तिच्या नाकाला लागलं, असं त्याचं म्हणणं. पुढे त्याच्या तक्रारीवरून तिच्यावरही गुन्हा नोंदला गेला. खरं काय ते मी ठरवणार नाही. पण त्याची बाजू लोकांपर्यंत पोचेतो त्याचा चेहरा देशभर फिरला होता. तिचं म्हणणं सांगायला तिचं स्वतःचं चॅनल होतं, त्याचं म्हणणं सांगायला त्याला पत्रकाराची वाट बघावी लागली.

म्हणून मी स्वतःपुरता नियम केला आहे. कंपनीचं नाव लिहायचं, माणसाचं नाव, फोटो, फोन नंबर काहीही टाकायचं नाही. तो मुलगा कितीही उद्धट वागला तरी.

कायदाही जास्त श्रोते असलेल्या माणसाकडून जास्त जपून बोलण्याची अपेक्षा करतो. पॅराशूट खोबरेल तेलावर एका यूट्यूबरने २०१८ मध्ये व्हिडिओ केला, तेलाचा दर्जा हलका आहे असं दाखवलं. उत्पादक मॅरिको कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. हेच आपलंही उच्च न्यायालय, त्याचं गोव्याचं खंडपीठ पर्वरीला बसतं. जानेवारी २०२० मध्ये एकल न्यायाधीशांनी व्हिडिओ काढायला सांगताना म्हटलं, की ज्याच्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात त्याला सामान्य माणसाइतक्या बिनधास्तपणे विधानं करता येणार नाहीत. अपिलात तो आदेश सौम्य झाला. उलट बाजूने, एप्रिल २०२५ मध्ये प्रोटीन पावडरीवर टीका करणाऱ्या यूट्यूबरांना गप्प करण्याचा अंतरिम आदेश द्यायला दिल्ली उच्च न्यायालयाने नकार दिला. त्यांनी आपल्या म्हणण्याला आधार म्हणून प्रयोगशाळेचे अहवाल दाखवले होते. थोडक्यात, तेल खराब आहे म्हणायचं तर तपासणीचा कागद हवा. ‘मला असं वाटलं’ आणि ‘हे असं आहे’ यांत न्यायालय फरक करतं, आपणही केलेला बरा.

बदनामी हा आपल्याकडे अजून फौजदारी गुन्हा आहे. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ लागतं, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. लोकहितासाठी सांगितलेलं सत्य हा त्यातला अपवाद. आणि सत्य असलं तरी पोलिसांची पायरी चढायची वेळ येणारच नाही असं कोणी समजू नये. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातल्या परदेशी पर्यटकांची संख्या घटल्याचे आकडे टाकणाऱ्या एका उद्योजकाविरुद्ध आपल्याच पर्यटन खात्याने पोलिसांत तक्रार दिली होती. आकडे बरोबर की चूक हा वाद एकीकडे, पण त्याचं उत्तर आकड्यांनी देता आलं असतं. बलवान माणसाने तक्रारीवर उगारलेली काठी आणि मी कॉल सेंटरवर उगारलेली काठी, दोन्ही एकाच झाडाच्या.

पैशांचा भाग थोडक्यात, कारण तो स्पष्ट आहे. जानेवारी २०२३ पासून केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आहेत : कोणाकडून पैसे, वस्तू, सवलत, सहल, हॉटेलातली राहण्याची सोय असं काहीही घेऊन कौतुक केलं तर ते सहज दिसेल अशा जागी सांगायचं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत, शिवाय पहिल्यांदा वर्षभरापर्यंत जाहिराती करायला बंदी. सूचना मुख्यतः कौतुकाबद्दल आहेत. माझं म्हणणं, शिव्यांनाही त्याच लावाव्यात. एका रिसॉर्टकडून दोन रात्री फुकट घेतलेल्याने महिन्याभरात शेजारच्या रिसॉर्टच्या चादरींवर लिहिलं, तर वाचणाऱ्याला त्या दोन रात्री कळायला नकोत? तक्रार मिटली की तेही तितक्याच ठळकपणे लिहायला हवं, आणि मिटवताना हक्कापेक्षा जास्त काही मिळालं असेल तर तेसुद्धा. बिघडलेला रिले बदलून मिळणं हा हक्क. वर मिक्सर मिळाला तर तो तोंड बंद ठेवण्याचा मोबदला. आणि ‘काहीतरी द्या, नाहीतर लिहितो’ हे तर तक्रारीतच बसत नाही, कायद्यात त्याला खंडणी म्हणतात. कळंगुटच्या किनाऱ्यावर शॅक, म्हणजे झोपडीवजा हॉटेल, चालवणारे माझ्या ओळखीचे एकजण सांगतात, सीझनमध्ये ‘कोलॅब’चे, म्हणजे ‘फुकट द्या, कौतुक लिहितो’ असे मेसेज येतात, त्यांतल्या काहींत नकार दिल्यावरचा पुढचा मेसेज वाचण्यासारखा असतो.

राहता राहिलं माप. व्हर्लपूलसमोर १० लाख फॉलोअर्सवाली बाईसुद्धा एक ग्राहकच होती. माझी ४० हजारांची पोस्ट एखाद्या मोठ्या कंपनीला चिमटाही काढणार नाही. तीच पोस्ट आठ टेबलांच्या खानावळीवर मात्र अंगावर भिंत पडावी तशी पडते. हे मला कसं माहीत, तेही सांगते.

तीन वर्षांपूर्वी, जूनअखेरीस, एका खानावळीत जेवले. इसवणाचा, म्हणजे सुरमईचा तुकडा कोरडा, वास जरा उग्र. मी रस्त्यावर येऊन तिथल्या तिथे लिहिलं : ‘शिळा मासा, जाऊ नका.’ सोबत पाटीचा फोटो. आता, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते हे मला माहीत होतं. त्या ६१ दिवसांत बाजारात मोठा मासा येतो तो बहुतेक बर्फातला आणि बाहेरून. कोरडा असणारच. शिळा आणि बर्फातला यांतला फरक मला जिभेवर कळतो अशी माझी ख्याती आहे, आणि तरी मी ‘शिळा’ लिहिलं, कारण तो शब्द जास्त चालतो. आत हाक मारून मालकाला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. विचारलं नाही. पोस्ट दीडशे जणांनी पुढे पाठवली.

पंधरा दिवसांनी मालकाच्या मुलीचा फोन आला. रागावलेली नव्हती. म्हणाली, ‘ताई, दुपारच्या थाळ्या निम्म्यावर आल्या. बाबा म्हणतात मासा बर्फातला होता, शिळा नव्हता. तुम्ही एकदा येऊन बघता का?’ मी गेले. स्वयंपाकघर दाखवलं त्यांनी. थर्माकोलची पेटी, बर्फ, त्यात बांगडे उभे लावलेले, सकाळच्या खरेदीची चिठ्ठी पेटीच्या झाकणाला चिकटवलेली. आजी कोपऱ्यात तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, साफ करत बसली होती, तिने वर बघितलंही नाही.

मी मालकांना म्हटलं, पोस्ट काढून टाकते. ते हात पुसत बाहेर आले आणि म्हणाले, ‘नका काढू. आता काढली तर लोक म्हणतील आम्ही पैसे दिले.’

ती पोस्ट अजून आहे. तिच्याखाली दुरुस्ती लिहिली आहे. पोस्ट २२ हजार लोकांनी पाहिली होती. दुरुस्तीवर एकोणीस लाइक आहेत, त्यातला एक काकींचा. त्यांचं मशीन हेल्पलाइनवर नोंद केल्यानंतर सहाव्या दिवशी दुरुस्त झालं. १९१५ ला फोन मी लावून दिला, बोलल्या त्या स्वतः. मला म्हणाल्या, ‘तुजें नांव सांगूं नाका हां.’